पितळेचा गुंड आणि विलायतेचा कागद

झाडाखाली बसून दुसऱ्यांचे कागद टाइप करणं याला ‘व्यवसाय’ म्हणतात, हे मला या अंकासाठी लेख मागणारं पत्र आलं तेव्हा कळलं. आमच्याकडे त्याला नुसतं ‘बसणं’ म्हणत. नागभीडला कोणी आईला विचारलं, "तुमची पोट्टी काय करते वो?" तर आई सांगायची, "गडचिरोलीले कचेरीसमोर बसते." ऐकणाऱ्या बाया हळहळत. त्यांना वाटे, पोर उपोषणाला बसली.

तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते आणि गडचिरोली हा नवाकोरा जिल्हा जन्माला आला होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नवे अर्ज, आणि अर्ज आले की टाइपवाले आले. कचेऱ्यांना जागा नव्हत्या. एका दप्तरखान्यात आधी धानाची कोठी होती. तिथल्या फायली उघडल्या की तांदळाचा वास यायचा. मला तो वास अजून स्वप्नात येतो, आणि मग सकाळी उठून भूक लागते.

मी नागभीडच्या रेल्वेतल्या पॉइंट्समनची मुलगी. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. दोन वेण्या, काळा गॉगल, खांद्याला पर्स, पर्समध्ये इंग्रजी शब्दकोश. टेबल कडुलिंबाखाली, पण ऐट अशी की जणू कलेक्टरसाहेब माझ्याकडं भाड्यानं राहतात. आज ती पोरगी समोर आली तर मी आधी तिचा गॉगल काढून घेईन. लिंबाच्या सावलीत गॉगल लावून बसायची, आणि मग कागदावरचं दिसत नाही म्हणून डोळे बारीक करायची. लोकांना वाटे, बाई फार विचार करते.

काम साधं होतं. माणूस येऊन बोलायचा, मी त्याच्या बोलण्याचा अर्ज करायची. खाली-वर कार्बन घालून नकला काढायच्या, मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र करायचं, दाखल्यांची खरी नक्कल करून साहेबाची सही कुठं घ्यायची ते सांगायचं. यातलं खरं कसब बोटांत नाही, कानांत असतं. माणूस बोलतो एक, त्याला हवं असतं दुसरं, आणि सरकारला समजतं तिसरंच. एक म्हातारा वनखात्याला अर्ज लिहायला आला होता की अस्वल रोज पहाटे येऊन त्याच्या झाडाखालचा मोह खाऊन जातं, तर खात्यानं अस्वलाला लेखी समज द्यावी. मी शब्दकोश काढून तसा अर्ज खरोखर टाइप केला. दुसऱ्या एकाला माहेरी बसलेल्या बायकोला पत्र पाठवायचं होतं, पण ते सरकारी दिसलं पाहिजे अशी अट. "हातानं लिवलं तं ते मानत नाई." मी ‘विषय: घरी परत येणेबाबत’ असं टाइप करून दिलं. ती आली. नंतर दोघं मिळून मला पोहे देऊन गेले.

पण सांगायचं आहे ते वनमालेचं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एक लांबट पाकीट होतं आणि मागं तिची सासू. वनमाला बारीक, काळीसावळी, बोलताना पायाच्या अंगठ्याकडं बघणारी. सासू पंचफुलाबाई उंच, ताठ, कपाळ मोकळं, लुगड्याचा पदर कमरेला असा खोचलेला की आत्ता धान लावायला उतरेल. गाव चिचटोला, वैनगंगेच्या अलीकडं, जंगलाच्या कडेला. वनमालेचा नवरा दयाराम नागपूरला नर्सिंग शिकला आणि विलायतेतल्या एका इस्पितळात नोकरीला लागला. लग्न झाल्यावर उन्हाळाभर घरी राहिला, मग गेला. आता त्यानं बायकोला तिकडं बोलावलं होतं. त्यासाठी तिकडच्या सरकारची परवानगी हवी, आणि परवानगीसाठी ती दयारामची बायको आहे हे सिद्ध व्हायला हवं.

"सिद्ध म्हणजे?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे पुरावा," मी गॉगल वर करून म्हणाले.

"गावाले इचारा. सारा गाव जेवून गेला."

"गाव चालत नाही, आत्याबाई. कागद लागतो."

"मंग गावापेक्षा कागद मोठा होय काय?"

मी ‘होय’ म्हणाले. चोवीस वर्षांची होते. चोविसाव्या वर्षी माणसाला सगळी उत्तरं येतात.

पाकिटातलं पत्र मुंबईच्या वकिलातीचं होतं. तिथं अर्ज आधीच गेला होता, आणि पुराव्यात काय कमी आहे ते लिहून आलं होतं. लग्नाचा दाखला नव्हता. चिचटोल्याच्या ग्रामपंचायतीनं लग्न कधी नोंदवलंच नव्हतं. आम्ही चंद्रपूरला विचारलं, ते म्हणाले तुमचं गाव आता गडचिरोलीत. गडचिरोली म्हणाली, लग्न झालं तेव्हा गाव चंद्रपुरात होतं, तिकडं विचारा. गाव बिचारं जागेवरच होतं, त्याच्या अंगावरून जिल्हा तेवढा उठून गेला होता. लग्न बौद्ध पद्धतीनं, जांभळाच्या डहाळ्यांच्या मांडवात, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं झालेलं. लावणारे भंतेजी फिरते. ते कुठं गेले ते कोणाला ठाऊक नव्हतं. फोटो होता, पण एकच. त्यात वनमाला पांढऱ्या साडीत स्वच्छ दिसत होती, आणि नवरदेवाच्या जागी एका काकांचा हात. काका हार सारखा करायला नेमके त्याच क्षणी पुढं झाले होते. वकिलातीनं विचारलं होतं की या छायाचित्रातला वर कुठला?

"तो काय, हाताच्या मांगं," वनमाला म्हणाली. एवढंच बोलली त्या दिवशी.

मुलाखतीची तारीख उन्हाळ्यातली पडली होती. तोवर ठोस काही दिलं नाही तर अर्ज निकालात निघणार होता. मी प्रतिज्ञापत्रं केली, दयारामच्या पत्रांची पाकिटं लावली, आणि तरी मला रात्री... नको, रात्रीचं कशाला, भर दुपारी टेबलावर डुलकी लागली तरी तो हात दिसायचा. नुसता हात, आणि मागं धुकं.

त्याच सुमाराला सुटीला नागभीडला गेले. आईनं एक पितळेची ताटली देऊन बाजारात पिटाळलं. मावसबहिणीच्या लग्नात आहेर द्यायचा होता, त्यावर नाव घालून आणायचं होतं. वाचकांतल्या तरुणांना सांगते, तेव्हा लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरायची रीत होती, आणि भांडं मोठं असलं तर नवरानवरीचं नाव, गाव, लग्नाची मितीसुद्धा. भांड्यांच्या दुकानापुढं पोतं टाकून एक माणूस बसायचा. छिन्नी आणि इवलीशी हातोडी. टिक टिक टिक, एकेक ठिपका, आणि ठिपक्यांतून अक्षर उगवायचं. त्याचं नाव गुलाब. पोतं टाकून बसला होता, पण ऐट माझ्यासारखीच.

"काय काम करता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"टायपिस्ट आहे. कलेक्टर कचेरीत." ‘कचेरीसमोर’ म्हणायचं राहून गेलं.

"म्हणजे माझंच काम. तुम्ही कागदावर ठोकता, मी पितळेवर." टिक टिक. "फरक एवढाच, तुमचं पाण्यात पडलं की गेलं."

मला राग आला. पण परत येताना एस.टी.त, झोप आणि धूळ यांच्या मध्ये कुठंतरी, माझ्या डोक्यात ठिपके पडायला लागले. लग्न झालं. आहेर आला असणार. आहेरावर नावं असणार!

पुढं अनेक वर्षं मी सर्वांना सांगत आले की ही कल्पना माझी. आमचे गुलाबराव, होय, तेच, मी त्याच माणसाशी लग्न केलं, सांगत आले की त्यांची. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं वाद मी जिंकत आले आहे.

वनमाला पुढच्या वेळी आली तेव्हा मी आहेराचं विचारलं. ती पहिल्यांदाच अंगठ्यावरून नजर उचलून हसली. बाकी भांड्यांवर नुसती देणाऱ्यांची नावं होती. पण दयारामच्या मामानं एक गुंड दिला होता, पाणी भरायचा पितळेचा मोठा, दोन हातांत मावणार नाही असा. त्यावर सगळं होतं. ‘आयु. दयाराम व आयु. वनमाला यांच्या मंगल परिणयानिमित्त मामाकडून सप्रेम भेट.’ खाली लग्नाची तारीख आणि ‘मु. चिचटोला, जि. चांदा.’ मामा जुन्या वळणाचा, त्याच्यासाठी चंद्रपूर अजून चांदाच होतं.

"मग आणा की!"

वनमालेनं सासूकडं पाहिलं. पंचफुलाबाई लिंबाच्या पानांकडं पाहत होत्या.

"उसना गेला होता," त्या म्हणाल्या. "कोणाच्यातरी कार्याले."

"कोणाच्या?"

"आठवत नाई बाई."

आमच्या झाडीपट्टीत माणूस एक वेळ लेकीच्या लग्नाची तिथी विसरेल, पण उसनं दिलेलं भांडं विसरणार नाही. भांड्यावर नाव कशासाठी घालतात? ते या मांडवातून त्या मांडवात, या गावातून त्या गावात फिरत राहतं, आणि नाव असलं म्हणजे कधीतरी घरी पोचतं. एवढं मला कळायला हवं होतं. पण मी काय केलं? मी पंचफुलाबाईंना पुराव्याचं महत्त्व समजावून सांगितलं. उभी राहून. शब्दकोश हातात धरून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं लगीन झालं काय?"

"नाही."

"मंग बसा खाली."

मी बसले.

महिना उलटला. मोहाचे दिवस आले. गडचिरोलीत त्या दिवसांत हवाच बदलते. सगळ्या गावाला गोड, जड झोप येते. कारकून पेंगतात, शिक्के वाकडे बसतात, बैल रस्त्यात उभे राहून विचार करतात. तशा एका सकाळी पहिल्या गाडीनं पंचफुलाबाई एकट्याच आल्या. माझ्या टेबलाजवळ न येता लिंबाच्या पलीकडच्या अंगाला बसून राहिल्या. दोन अर्ज झाले, तीन झाले. शेवटी मीच उठून गेले.

"काय झालं, आत्याबाई?"

त्या माझ्याकडं न बघता बोलू लागल्या. "पोरगी सकाळी विहिरीवर जाते. घागर भरते. भरून झाली तरी उभीच राह्यते. म्या म्हटलं, काऊन वो उभी हायस? तं म्हणते, काई नाई आत्या." त्यांनी लिंबाची एक काडी उचलून मोडली. "तो ‘काई नाई’ मले ठाऊक हाय, बाई. दयारामचा बाप खाणीत कामाले जाय, बल्लारशाकडं. मैना मैना येत नसे. मीबी अशीच उभी राहो. माई सासू इचारे, मीबी म्हणो, काई नाई."

मी त्यांच्याजवळ खाली बसले, कोणी न सांगता. आयुष्यात पहिल्यांदा.

"ते गेली तं घरात आवाज कोणाचा येईन? एवढाच इचार करून राह्यली होती मी." त्यांनी पदर झटकला आणि उठल्या. "गुंड मुरुमटोल्याले हाय. सोमी सुईणीकडं. मीच देल्ला. चला."

"आत्ता?"

"मंग काय अर्ज करू?"

मशीनवर झाकण घालून मी निघाले. धानोऱ्याच्या वाटेवर एस.टी. सोडली आणि पुढं एक बैलबंडी मिळाली. जंगलात ऊन खाली पोचेपर्यंत त्याचे तुकडे होत होते. पळसाची फुलं गळून गेली होती, मोहाखाली बाया-पोरं वाकून वेचत होती, आणि कोणी बोलत नव्हतं. बंडीच्या चाकांचा आवाजही मऊ वाटत होता. मला वाटलं आपण कुठं चाललोच नाही आहोत, जंगलच मागं सरकतं आहे. पंचफुलाबाई बंडीवर ताठ बसल्या होत्या आणि मी पर्स उशाला घेऊन घोरत होते. हे नंतर त्यांनीच सर्व गावाला सांगितलं.

सोमीबाई मुरुमटोल्याची गोंड सुईण. आजूबाजूच्या पाड्यांतली कितीतरी बाळं तिच्याच हातांत उतरलेली. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर तो गुंड होता. खालून काळा, वरून पिवळा, आणि तोंडातून वाफ. मी धावत जाऊन नावं वाचायला वाकले, तर सोमीबाईनं माझ्या हातावर चापट मारली.

"जळशीन वो! येर हाय थे, लेकराचं." येर म्हणजे पाणी. झोपडीतून बारीक रडण्याचा आवाज येत होता. पोर तासाभरापूर्वीच जन्मलेलं.

मी माझ्या शुद्ध मराठीत समजावलं की हा गुंड महत्त्वाचा कायदेशीर पुरावा आहे, तो मुंबईला जायचा आहे, तिथून एक बाई विलायतेला जाणार आहे.

सोमीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी लेकरू, मंग विलायत."

आम्ही मोहाखाली बसून राहिलो. बाळाची आंघोळ झाली. धुरी झाली. बाळंतिणीला पेज गेली. गुंड थंड झाला. मग सोमीबाईनं तो राखेनं आणि चिंचेच्या कोळानं असा घासला की त्याच्यात झाडं दिसू लागली. नावांतले ठिपके आतून काळे राहिले, बाकी सगळं उजळलं. पंचफुलाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"यातलं माया पोट्ट्याचं कोणतं?"

मी त्यांचं बोट धरून दाखवलं. मग वनमालेचं दाखवलं. त्या दोन्ही नावांवरून बोट परत परत फिरवत राहिल्या. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. माझ्यासाठी ते मोठंच.

निघताना सोमीबाई म्हणाली, "परत आणजो. इथी पोटुश्या तीन हायत."

आता वकिलातीतला साहेब म्हणेल की नावं कालच कोरली असतील. म्हणून नागभीडला गुलाबरावांकडं गेलो. त्यांनी गुंड मांडीवर घेतला, वळवला, आणि एकदम ओरडले, "हा माझाच! या मामानं मला ‘अक्षर मोठं घाल, अक्षर मोठं घाल’ करून डोकं उठवलं होतं." मी त्यांच्या नावानं प्रतिज्ञापत्र टाइप केलं की ‘हे कोरकाम मी या वधूवरांच्या लग्नाआधी स्वतः केलं आहे.’ सही करताना त्यांनी पेन छिन्नीसारखं उभं धरलं आणि ठिपके देत देत नाव लिहिलं. मुंग्यांची रांग चालल्यासारखी सही. मी हसले. ते म्हणाले, "हजारो लोकांची नावं घातली, माझं आजच घातलं." तेव्हा मी हसायची थांबले. प्रेमबिम काही नाही, उगाच वाटलं, बस.

मुंबईला वनमालेबरोबर मीच गेले. पंचफुलाबाईंनी नावांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि गुंड आपल्या जुन्या लुगड्यात बांधून दिला. नागभीडहून नागपूरपर्यंत छोट्या लाइनची गाडी, म्हणजे माणूस उतरून बोरं तोडून परत चढेल अशी. नागपूरहून मोठी गाडी. डब्यात लोक विचारत, "तूप आहे का?" वनमाला मान हलवायची, हो आणि नाही यांच्या मधली. पूर्ण प्रवासभर गुंड तिच्या मांडीवर होता. झोपेत तिचे हात त्याच्याभोवती असायचे आणि मी मनात विलायत रंगवायची, पोस्टातल्या कॅलेंडरवरची, हिरव्या टेकड्या आणि पांढऱ्या मेंढ्या. त्यात दयारामचं इस्पितळ कुठं बसवावं ते कळत नव्हतं. शेवटी मी ते मेंढ्यांच्या मागं ठेवलं.

मुलाखतीआधी तिला समुद्र दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पानी, बाई. अन् भराले गुंड एकच."

वकिलातीच्या दारावर शिपायानं गुंडात हात घालून तळ चाचपला. मला आत सोडलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर, मुंबईच्या दमट उन्हात, गॉगल लावून उभी राहिले. आयुष्यात एकदाच तो गॉगल उपयोगी पडला, कारण डोळे भरून आले होते आणि रस्त्यात सगळे माझ्याकडं बघत होते.

ती बाहेर आली ती गुंड कमरेवर घेऊन, विहिरीवरून यावी तशी.

"काय झालं? काय विचारलं?"

"आधी बसू द्या बाई." पायरीवर बसली. "साहेब गोरा होता. संग एक मराठी बाई, ते माह्यं बोलणं त्याले सांगून राह्यली होती. फोटो पाह्यला. म्हणे, नवरा कुठी? म्या हात दाखवला. मंग गुंड टेबलावर ठेवला तं साहेब उठूनच उभा राह्यला."

"घाबरला?"

"हासला. मंग त्यानं बोट फिरवलं. आत्यावानी." वनमालेनं गुंड मांडीवर घेतला. "मंग त्या बाईनं इचारलं, भांड्यावर नाव काऊन घालता? म्या म्हटलं, भांडं कुठीबी गेलं तरी ज्याच्या त्याच्या घरी पोचावं म्हणून. ते बाई साहेबाले सांगता सांगता मधातच थांबली. मंग सांगितलं."

"मग?"

"मंग काई नाई. जा म्हणे. कागद पोस्टानं येईन."

त्या उत्तरानं काम झालं, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. पत्रांच्या पाकिटांनी झालं असेल, गुलाबरावांच्या मुंग्यांनी झालं असेल, नाही तर साहेबाचा त्या दिवशी मूड बरा असेल. सरकार कुठलंही असो, त्याच्या मनातलं टाइप करायला मला कधी जमलं नाही.

कागद आला तो धानाला लोंब्या धरल्या तेव्हा. वनमालेच्या पासपोर्टवरचा शिक्का, तिकीट, सगळं होता होता जायचा दिवस उजाडला. पंचफुलाबाई चिचटोल्याच्या एस.टी. थांब्यापर्यंत आल्या. पुढं येणार नाही म्हणाल्या. वनमाला पाया पडून गाडीत चढली आणि खिडकीतून मान बाहेर काढून वळून बघू लागली.

"मांगं पाहू नको वो!" पंचफुलाबाई खणखणीत ओरडल्या. "मांगं पाह्यलं तं घागर हिंदकळते!"

गाडी गेली. त्या उभ्या राहिल्या. धूळ बसली तरी उभ्या. मी विचारलं, "काय झालं, आत्याबाई?"

"काई नाई," त्या म्हणाल्या.

गुंड आम्ही दोघींनी मुरुमटोल्याला परत नेऊन दिला. त्या तीन पोटुश्यांपैकी दोघी तोवर बाळंत झाल्या होत्या. सोमीबाईनं आम्हाला बरंच ऐकवलं.

पुढं मी लग्न करून नागभीडला आले. गुलाबरावांनी तोवर स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं, त्याच्या कोपऱ्यात मशीन मांडलं. एका अंगाला मी ठोकायची, दुसऱ्या अंगाला गुलाबराव. चिचटोल्याला जाऊन पंचफुलाबाई कशा आहेत ते बघून यावं असं फार वाटायचं. आज जाऊ, सुगी झाली की जाऊ. नाही गेले. दुसऱ्यांना वाटेला लावणारी माणसं स्वतः बूड हलवत नाहीत, हे माझ्याकडं बघून लिहून ठेवावं.

पण त्याच आल्या. एका दुपारी दुकानासमोर एस.टी. थांबली आणि ओळखीच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी मांडीशी धरून पंचफुलाबाई उतरल्या. केस पिकलेले, पाठ तशीच ताठ. गुंड सोमीबाईकडून उसना मागून आणला होता. आपलाच गुंड, उसना. त्यांनी तो गुलाबरावांपुढं ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. बर्फासारख्या पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं एक काळंसावळं बाळ, अगदी वनमालेच्या कपाळाचं. मागं दयारामनं नाव लिहिलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

"सुजाता."

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग गुंडावर बोट ठेवलं. आता कोणी धरायची गरज नव्हती. बोट नेमकं दयारामवर गेलं, तिथून वनमालेवर, आणि मग पुढच्या मोकळ्या, घासून घासून गुळगुळीत झालेल्या पितळेवर थांबलं.

"इथी," त्या म्हणाल्या. गुलाबरावांनी छिन्नी टेकवली, हातोडी उचलली, तशी त्यांचा हात धरून म्हणाल्या, "बारीक कोरजो, भाऊ. अन् बाजूले जागा ठेवजो. अजून येतीन."